गोळ्या पसरतात म्हणून रायफलीची नळी बदलायची का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे. वडिलांच्या पश्चात ३१५ बोअरची रायफल रीतसर त्यांच्या नावावर झाली. वडील होते तेव्हा शंभर मीटरवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसायच्या. परवा रेंजवर नेली तर त्याच पाच गोळ्या दीड फुटात पसरल्या. पहिल्या दोन जवळजवळ होत्या, पुढच्या तीन उजवीकडे वर चढत गेल्या. गावातल्या जाणत्यांनी निकाल दिला, "नळी संपली." कोल्हापूरला मामांच्या ओळखीचा एक मिस्त्री स्वस्तात नळी बदलून देतो म्हणे. तर त्याच्याकडे न्यावी, की बेळगावातच कुणी भरवशाचा माणूस आहे?

याशिवाय त्यांनी दोन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात सुताराकडून लाकूड घासून पॉलिश करून घेतलं. आणि २०२३ ची विधानसभा, २०२४ ची लोकसभा, दोन्ही निवडणुकांना रायफल ठाण्यात जमा होती. माझ्या दृष्टीने अर्धं उत्तर याच दोन ओळींत आहे.

मी लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर (हत्यार दुरुस्त करणारा) होतो. निवृत्तीनंतर परवानाधारक दुकानात दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या आणि माजी सैनिकांच्या रायफली सतत हाताखालून जातात. त्या अनुभवावरून सांगतो. रायफल प्रत्यक्ष न बघता खात्रीने निदान करता येत नाही. तुमच्या रायफलीला काय झालंय ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. पण कोणत्या क्रमाने बघायचं आणि तो क्रम का, एवढं नक्की सांगता येईल.

नळी कुठे बदलून मिळेल हे तुम्ही विचारताय. त्याआधीचा प्रश्न असा, की दोष नळीचा आहे का? गोळ्या झाडून झाडून नळी झिजायला हजारो काडतुसं लागतात. परवान्यावर वर्षाला जेवढी काडतुसं मिळतात आणि शेतकरी त्यातली जेवढी वापरतो, त्या हिशेबाने दोन पिढ्यांतही ती वेळ येत नाही. त्यामुळे "नळी झिजली" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कशाने झिजली? गोळीने झिजली असेल असं मला सहसा वाटत नाही. गंजाने खराब होते, चुकीच्या साफसफाईने खराब होते, तोंडाशी मार बसून खराब होते. आणि कित्येक वेळा नळी चांगलीच असते, दोष दुसरीकडे असतो.

आता तुमचा टार्गेटचा कागद वाचू. गोळ्या कुठे लागल्या यापेक्षा कशा पसरल्या याला महत्त्व आहे. सगळीकडे सारख्या, कसलाही क्रम न धरता पसरल्या असतील तर संशय काडतुसांवर, नळीच्या तोंडावर किंवा आतल्या पृष्ठभागावर जातो. दोन वेगवेगळे पुंजके पडले असतील तर काहीतरी सैल आहे. फोरसाइटचं (नेम धरायच्या पुढच्या खुणेचं) बूड, बॅकसाइट (मागची खूण), बॉडीचे (नळी आणि बोल्ट जिच्यात बसतात त्या पोलादी भागाचे) स्क्रू, दुर्बीण असेल तर तिचा माउंट, यापैकी काहीतरी झटक्याने दोन जागांमध्ये हलतंय. गोळ्या वर-खाली उभ्या रेषेत पडत असतील तर दारूचा जोर कमी-जास्त आहे किंवा नेमबाजाचा श्वास. कागदावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखं लांबट भोक दिसलं तर गोळी आडवी होऊन जातेय. मात्र तेव्हा नळीवर गंभीर संशय घ्यावा आणि त्या दिवशी पुढची गोळी झाडूच नये.

तुमच्या गोळ्या यापैकी कशातच बसत नाहीत. पहिल्या दोन जवळ, मग एकाच दिशेने सरकत गेल्या. याचा अर्थ बहुधा असा, की नळी तापत गेली तशी ती एका बाजूला ढकलली गेली. नळी तापली की थोडी लांबते, जाडावते. लाकूड तिला एका अंगाने दाबत असेल तर ती दुसरीकडे कलते. तुमच्या बाबतीत डाव्या-खालच्या बाजूने दाब असावा, म्हणून गोळ्या उजवीकडे वर. आणि लाकडावर तर तुम्ही काम करून घेतलंय. सुताराने आतली खाच घासली असेल, किंवा पॉलिशचा थर आत उतरून सुकला असेल, किंवा पुन्हा बसवताना स्क्रू कमी-जास्त आवळले असतील. त्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा पाऊस. पावसाळाभर त्या हवेत राहिलेलं लाकूड फुगतं, आणि बाहेरून पॉलिश असलं तरी आतून उघडंच असतं.

पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली ही ३१५ रायफल जुन्या ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या ढाच्यावर बनलेली. पुढचं लाकूड कसं बसलंय यावर या ढाच्याचा नेम फार अवलंबून असतो. गोळीचा धक्का लाकूड झेलतं ते ट्रिगर गार्डच्या वर, बॉडीच्या मागच्या टेकणीशी. तिथलं लाकूड तेल पिऊन मऊ झालं किंवा दबलं की प्रत्येक गोळीला बॉडी किंचित मागे सरकते आणि दरवेळी त्याच जागी परत येईलच असं नाही. म्हणून माझ्याकडे अशी रायफल आली की नळीत डोकावण्याआधी मी लाकूड बघतो.

तुम्ही घरी काय करू शकता? आधी बोल्ट काढा, मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) डोळ्याने आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून सरकवून बघा. ती कुठे अडते, डावीकडे आणि उजवीकडे सारखीच अडते का? एक लक्षात ठेवा, या जातीच्या काही रायफलींत पुढच्या टोकाशी मुद्दाम टेकू दिलेला असतो. त्यामुळे नळी लाकडाला टेकते एवढ्यावरून दोष ठरत नाही, एका बाजूला जास्त टेकते हे दोषाचं लक्षण. आणि लाकूड स्वतः उतरवू नका. मागची टेकण प्रत्येक काढ-घालीत थोडी खराब होते, आणि सुताराने एकदा काढलेलंच आहे.

खरी परीक्षा रेंजवर. अधिकृत रेंजवरच, शेतात नाही. परवान्यात लिहिलेल्या कारणाखेरीज शेतात बार काढणं अडचणीत आणतं. शिवाय या रायफलीची गोळी चुकली तर किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते, आणि आपल्याकडे उसाच्या पलीकडे कुणाची ना कुणाची वस्ती असतेच. कर्नाटकात पोलीस नागरिकांसाठी बंदूक प्रशिक्षणाची शिबिरं घेतात. रेंजची चौकशी तिथूनच सुरू करा.

रेंजवर एकाच लॉटची दहा काडतुसं घ्या. वाळूच्या पिशवीवर पुढचं लाकूड टेकवा, नळी टेकवू नका. पहिल्या पाच गोळ्या सावकाश. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. दुसऱ्या पाच नव्या कागदावर, नेहमीच्या वेगाने. सावकाश झाडलेल्या पाच एकत्र बसल्या आणि भराभर झाडलेल्या सरकत गेल्या, तर नळी निर्दोष आहे, दोष लाकडाचा. दोन्ही कागदांवर सारख्याच विखुरल्या, तर पुढे जायचं. शक्य असेल तर त्याच काडतुसांवर आणखी एका चांगल्या नेमबाजाला झाडू द्या. तुमच्या मनात "नळी गेली" हे एकदा बसलं की ट्रिगरवरचं बोट आपोआप बिघडतं. हे कुणाच्याही बाबतीत होतं, त्यात कमीपणा नाही.

आणि अपेक्षा योग्य ठेवा. ही स्पर्धेची रायफल नाही. उघड्या साइटने शंभर मीटरवर तीन-चार इंचांत गोळ्या बसल्या तर मी तिला नावं ठेवत नाही. वडिलांच्या वेळचा "तळहात" साधारण तेवढाच होतो.

काडतुसांबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण तिथे लोक फसतात. तळाशी के.एफ. कोरलेली म्हणजे पुण्याच्या खडकी कारखान्यातली. वडिलांनी कपाटात ठेवलेली जुनी आणि तुम्ही गेल्या वर्षी घेतलेली नवी अशी मिसळून झाडली असतील तर त्या कागदावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. जुन्या पद्धतीच्या प्राइमरबद्दल, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीबद्दल, आणखी एक. त्यातल्या रसायनाचा क्षार नळीत मागे राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो, आणि नुसतं तेल लावून तो जात नाही, कारण तेलात तो विरघळतच नाही. तो विरघळतो पाण्यात. म्हणून पूर्वीचे जवान फायरिंगनंतर आधी नळीतून उकळतं पाणी घालायचे, मग कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी. वडिलांची ही सवय असेल तर नळी शाबूत असेल. नसेल, आणि पश्चिम घाटाच्या पायथ्याशी वर्षानुवर्षं राहिली असेल, तर आत खड्डे पडलेले असू शकतात.

आता ठाण्यातल्या मुक्कामाबद्दल. निवडणुकीत हत्यार जमा करायचा आदेश आला की जमा करावं लागतं. पण जमा करताना नळीत तेल होतं का? परत आणल्यावर लगेच साफ केली का? २०२४ ला आपल्याकडे मतदान ७ मे रोजी झालं आणि निकाल ४ जूनला, म्हणजे रायफल हातात आली ती नेमकी पावसाच्या तोंडावर. पुढच्या वेळी जमा करण्याआधी आतून-बाहेरून तेल लावा आणि पावतीवर रायफलीची स्थिती लिहून घ्या. कापडी किंवा फोमच्या खोळीत बंद करून देऊ नका, ओल आत धरून राहते. परवानाधारक डीलरकडे जमा करायची मुभा मिळत असेल तर तो पर्याय मला जास्त पसंत आहे. आणि परत आल्यावर झाडण्याआधी नळीतलं तेल पूर्ण पुसा. तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडेच जाते.

नळी आतून कशी बघायची? बोल्ट काढून मागून उजेड घ्या आणि पुढून बघा, मग उलटं करा. चरांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पीळदार खाचांच्या) कडा धारदार, चकचकीत दिसायला हव्यात. काळसर ठिपके म्हणजे खड्डे. थोडे ठिपके असूनही चांगला नेम देणाऱ्या नळ्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे ठिपके बघून घाबरू नका. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आता सहज मिळतो, त्याने फोटो काढून ठेवा. चिंधीवर हिरवट-निळा रंग उतरत असेल तर आत तांब्याचा थर आहे. तो योग्य सॉल्व्हंटने, धीराने, काही दिवस काढावा लागतो. कित्येक "संपलेल्या" नळ्या त्या थराखाली जिवंत असतात.

आत कुठे काळी आडवी कडी दिसली, आणि बाहेरून बोट फिरवताना तिथेच किंचित फुगवटा लागला, तर नळी फुगली आहे. आत चिंधी, चिखल किंवा कुंभारमाशीचं घर अडकलेलं असताना गोळी झाडली की असं होतं. आपल्याकडे भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर करते, हे तुम्हाला सांगायला नको. फुगलेल्या नळीतून पुन्हा एकही गोळी नाही. तीच गोष्ट झाडलेल्या पुंगळ्यांची. पुंगळी बुडाजवळ फाटत असेल किंवा तिथे चमकदार कडा उमटत असेल तर चेंबरची आणि बोल्टची तपासणी गेज (नेमकं माप तपासायचं साधन) लावून व्हायला हवी, तोवर रायफल बंद. आणि दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घालून बघण्याचा मोह टाळा. या रायफलीत प्रत्येक बोल्ट तिच्या बॉडीला जुळवलेला असतो.

नळीचं तोंड ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श तिथे होतो. एका बाजूला थोडी कड झिजली असेल तर मागून सुटणारा वायू गोळीला तिरकं ढकलतो. पुढून रॉड घालून साफ करणारे, किंवा पुल-थ्रूची दोरी तिरकी ओढणारे, याच जागेची वाट लावतात. दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासली की तिथे खाच पडते. कापसाचा बोळा तोंडाच्या कडेवरून गोल फिरवा. धागा अडकला तर तिथे बोचरी कड आहे. ती कड नीट करण्याचं काम चांगल्या कारागिराच्या हातून होतं आणि नळी बदलावी लागत नाही. पण त्यात नळीचा थोडा भाग कापला जातो, आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे. म्हणून लेथवाल्या मित्राकडे "जरा तोंड साफ कर" म्हणून नेऊ नका. किती कापायचं आणि ते काम कारागिराच्या स्वतःच्या परवान्यात बसतं का, हे परवानाधारक कारागिराला आधी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

समजा हे सगळं बघितलं आणि नळीच खराब निघाली. मग कोल्हापूरच्या मिस्त्रीकडे जायचं का? यात दोन वेगळ्या अडचणी आहेत.

एक, तुमचा परवाना. त्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं: जिल्हा, कर्नाटक राज्य, की संपूर्ण भारत. आपल्या सीमाभागात सकाळी कोल्हापूरला बाजाराला जाऊन संध्याकाळी घरी येणं हे रोजचं आहे. मामा पलीकडे, सोयरीक पलीकडे. पण रायफलीला ती मोकळीक नाही. परवाना फक्त कर्नाटकापुरता असेल तर सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे रायफल नेणं म्हणजे परवान्याबाहेर हत्यार बाळगणं. गोव्याकडे चोर्ला घाटाने उतरतानाही तेच. क्षेत्र वाढवून हवं असेल तर डीसी ऑफिसला (जिल्हाधिकारी कार्यालयात) अर्ज करा, सोबत परवान्याची प्रत आणि यूआयएन (परवानाधारकाचा ओळख) क्रमांक, आणि अर्ज कन्नडमध्ये द्या. बेळगाव शहराच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तालयात चौकशी करा.

दोन, तो मिस्त्री. दुरुस्तीलाही परवाना लागतो, कलम ५ मध्ये ते स्पष्ट आहे. आणि कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे भागही येतात, म्हणजे सुटी नळी हीसुद्धा हत्यारच. "स्वस्तात नळी" कुठून येते, हा प्रश्न मामांनी त्याला विचारायलाच हवा. त्याचं उत्तर कागदावर मिळत नसेल तर ती नळी तुमच्या घरात यायला नको. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तो प्रचंड दाब पेलणारं पोलाद कुणी, कशातून बनवलं हे माहीत नसताना मी ती रायफल खांद्याला लावणार नाही. तुम्हीही लावू नये असं मला कळकळीने वाटतं.

माझा क्रम असा राहील. आधी बेळगाव किंवा हुबळीतला परवानाधारक डीलर गाठा आणि त्याच्या परवान्यात दुरुस्ती आहे का ते डोळ्याने बघा. त्याच्या मार्फत कारखान्याला लेखी विचारा: या मॉडेलची नळी बसवून मिळते का, प्रूफ-टेस्टसह (जादा दाबाची काडतुसं झाडून केलेल्या मजबुतीच्या चाचणीसह)? इशापूरचा कारखाना २०२१ पासून कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीत आहे, त्यामुळे जुन्या पत्त्याच्या कागदांवर विसंबू नका. वेळ लागेल, पण मूळ कारखान्याची नळी आणि प्रूफचा शिक्का याला पर्याय नाही.

कारागीर चांगला की नाही हे त्याच्या प्रश्नांवरून ओळखा. जो टार्गेटचा कागद मागतो, कोणती काडतुसं झाडली ते विचारतो, आधी लाकूड आणि स्क्रू बघतो, तो आपला माणूस. जो रायफल हातात घेताच "नळी बदला" म्हणतो, त्याला नमस्कार करून निघा. चेंबर तपासायचे गेज आहेत का, हे विचारा. गेज नसलेल्याने नळी बदलू नये, यात मी तडजोड करत नाही. काम झाल्यावर तो स्वतः रेंजवर झाडून कागद देतो का, तेही विचारा. रायफल देताना क्रमांक, बोल्टचा क्रमांक, तारीख आणि काम लिहिलेली सहीची पावती घ्या. नेताना रायफल रिकामी, खोळीत, बोल्ट वेगळा, मूळ परवाना खिशात.

नळीवर क्रमांक असेल तर बदलानंतर परवान्यावर नोंद करून घ्यावी लागेल. ते काम डीलरवर सोडू नका, स्वतः डीसी ऑफिसला जा. जुनी नळी परत मागा आणि भंगारात घालू नका, खुंटी म्हणून भिंतीत ठोकू नका. ती कायद्याने हत्याराचा भाग आहे. डीलरकडे रीतसर जमा करा आणि पावती परवान्यासोबत ठेवा.

तुमचा परिसर भीमगड अभयारण्याला लागून आहे, म्हणून एक सांगणं भाग आहे. डुकरं ऊस आणि भात लोळवतात, नुकसान खरं आहे. पण वन विभागाच्या परवानगीशिवाय प्राण्यावर गोळी झाडता येत नाही, परवाना पीकरक्षणाचा असला तरी. आणि परवानगी मिळाली तरी नेम ठरत नाही अशा रायफलीने जनावर जखमी होऊन रात्रभर तडफडतं किंवा वस्तीत शिरतं. म्हणून नेम नीट होईपर्यंत ती कुलपात ठेवा.

आता सध्या एवढंच करा: सुताराला विचारा त्याने आतून काय घासलं आणि स्क्रू कोणत्या क्रमाने आवळले. मग सावकाश पाच आणि भराभर पाच, असे दोन कागद. त्या दोन्हींचे फोटो, नळीच्या तोंडाचा जवळून काढलेला फोटो आणि काडतुसाच्या तळाचा फोटो इथे टाका. रायफलीचा क्रमांक आणि परवान्याचा कागद मात्र टाकू नका. कागद बघितल्यावर लाकूड उतरवायला सांगायचं की नळीचं तोंड दाखवायला, हे मी नेमकं सांगू शकेन.